साकळलेलं रक्त

चारं, म्हणजे चारोळीची फळं, काढायला झाडावर चढलेला माणूस फांदी मोडून खाली आला. डोक्यावर नाही, पाठीवर नाही, उजव्या कुशीवर. थोडं खरचटलं, बाकी काही नाही. गावात शेक झाला, छातीला लुगड्याचं फडकं आवळून बांधलं, आणि पाचव्या दिवशी तो बैलांमागे गेलासुद्धा. माझ्यासमोर येऊन बसला तो बाविसाव्या दिवशी. ‘दम लागून राहिला जी,’ एवढीच तक्रार. वाटेत एका दवाखान्यात ‘छातीत पाणी आहे’ म्हणून टीबीच्या शंकेने थुंकी तपासायला पाठवली होती. मी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. उजवी बाजू खालून निम्म्यापर्यंत पांढरी. पाणीच असणार असं धरून मीही सुई घातली. सिरिंजमध्ये काही येईना. जागा बदलली, जाड सुई घेतली, तेव्हा कुठे काकवीच्या रंगाचे दोन थेंब आले. मग विचारायचं सुचलं, ‘मामा, पडले-बिडले होते का कुठे?’

‘पडलो होतो जी. पण लागलं नाही. मुका मार होता.’

डॉक्टरी पुस्तकात याला बोथट इजा म्हणतात. आपला शब्द जास्त खरा आहे. कातडी फाटत नाही, म्हणून कोणी चौकशी करत नाही. आत मात्र बरगडी मोडलेली असते. तिच्या खालच्या कडेच्या खाचेतून जाणारी रक्तवाहिनी तुटते आणि रक्त बाहेर न येता छातीच्या पोकळीत उतरत राहतं. पहिल्या दिवसाचा फोटो स्वच्छ, आणि आठवड्याने तीच बाजू भरलेली, असंही होतं. म्हणून बरगडी मोडलेल्या माणसाला ‘काही नाही, जा घरी’ म्हणताना पुन्हा कधी यायचं तेही सांगावं लागतं.

ही पुस्तिका त्या रक्ताविषयी आहे, आणि त्यातही नळी घालून काढल्यावर मागे उरलेल्या रक्ताविषयी. ती चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी लिहिली आहे. लेखक माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. प्रस्तावना मागितली तेव्हा मी म्हटलं, लिहितो, पण जिथे पटणार नाही तिथे तसं लिहीन. त्यांनी मुभा दिली. ती पुढे वापरली आहे.

छातीचा मार इथे कुठून येतो हे बाहेरच्या वाचकाला विचारलं तर तो आधी वाघ म्हणेल. ताडोबा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही ही नावं वर्तमानपत्रात वाघामुळेच येतात, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे रानात शिरणाऱ्या बायाबापड्यांवर होणारे हल्ले खरेच आहेत. पण वाघ धरतो मान, अस्वल येतं तोंडावर, रानडुक्कर फाडतं मांड्या आणि पोट. छातीत रक्त घेऊन येणारे बहुतेक जण दुचाकीवरून पडलेले असतात. त्यांच्यामागून उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडलेले, मग झाडावरून पडलेले, मग बैलाने शिंग मारलेले. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवसांत बैलजोडीच्या वाटेत उभे राहिलेलेही येतात. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, एटापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक अरुंद रस्त्यांवरून धावतात. गडचिरोलीत गोळ्या आणि सुरुंगही होते. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक गेले. वाघाची आणि सुरुंगाची बातमी होते, दुचाकीची होत नाही. त्यामुळे दुचाकीवाल्याच्या बरगड्या मोजायला कोणाला घाई नसते.

इथल्या शरीराचेही दोन गुण ध्यानात ठेवायला हवेत. या भागात सिकलसेल आहे आणि अंगात मुळात रक्त कमी असलेली माणसं पुष्कळ आहेत. पाच लिटर रक्ताच्या धडधाकट माणसाने एक लिटर गमावणं आणि हिमोग्लोबिन सातवर असलेल्या बाईने ते गमावणं यांत फरक आहे. दुसरं, मलेरियामुळे प्लीहा वाढलेली असते. डाव्या खालच्या बरगड्या मोडल्या असतील तर छातीत नळी घालून समाधान मानू नये, पोटाची सोनोग्राफी केलीच पाहिजे. पुस्तिकेत हे एका ओळीत आहे. मी असतो तर पानभर लिहिलं असतं.

आता आत काय होतं ते. फुप्फुसावर एक पातळ पडदा असतो, छातीच्या भिंतीला आतून दुसरा. दोन्ही एकमेकांवर घसरतात, मध्ये जेमतेम काही चमचे ओल. या दोन पडद्यांमध्ये प्रौढ माणसाच्या एका बाजूला तीन लिटरपर्यंत रक्त मावू शकतं, म्हणजे माणूस स्वतःच्याच छातीत रक्तस्राव होऊन मरू शकतो. दोन-तीनशे मिलिलिटर साठेपर्यंत उभ्याने काढलेल्या फोटोतही ते नीट दिसत नाही. आडव्याने काढलेल्या फोटोत तर त्याहून जास्त रक्त नुसत्या धुरकट छायेसारखं पसरलेलं असतं, आणि नवखा डॉक्टर ती छाया फोटोच्या खराब दर्जावर ढकलतो.

बकरं कापल्यावर थाळीत धरलेलं रक्त काही मिनिटांत थिजतं. ते ढवळत राहिलं तर थिजत नाही, त्यातले धागे काडीला गुंडाळून येतात. छातीतही अशी घुसळण चालू असते. हृदय ठोके देतं, फुप्फुस वरखाली होतं, आणि हळूहळू आलेल्या रक्तातले धागे वेगळे पडून उरलेलं पातळच राहतं. असं रक्त नळीने निमूट बाहेर येतं. पण रक्त वेगाने आलं, किंवा दुखण्यामुळे माणूस श्वासच पुरता घेईना, तर घुसळण होत नाही आणि ते थाळीतल्यासारखं साकळतं. मग कितीही जाड नळी घाला, नळीतून गोळे येत नाहीत. आठवड्याभरात त्या गोळ्यात शरीराच्या पेशी शिरतात, बारीक रक्तवाहिन्या शिरतात, कडा दोन्ही पडद्यांना चिकटतात. तीन-चार आठवड्यांनी फुप्फुसावर एक सालटं तयार होतं. फुप्फुस आत निरोगी असतं, पण फुगू शकत नाही. आणि या सगळ्या काळात ते रक्त म्हणजे जंतूंसाठी शिजवून ठेवलेलं जेवण असतं. नळी बाहेरून आत गेलेलीच असते, त्यांना वाट शोधावी लागत नाही.

नळीविषयी पुस्तिकेतला भाग उत्तम आहे. काखेतला तो त्रिकोण, पुढे छातीच्या स्नायूची कड, मागे पाठीच्या स्नायूची कड, खाली स्तनाग्राच्या पातळीची रेषा, हे चित्र भिंतीवर लावण्यासारखं आहे. बरगडीच्या वरच्या कडेवरून जायचं, खालच्या कडेला रक्तवाहिनी असते. बोट आत घालून फिरवायचं, चिकटलेलं काही आहे का बघायचं, मगच नळी. टोकदार ट्रोकार ढकलून नळी घालण्याची जुनी मर्दुमकी लेखकांनी बाद केली आहे, ते बरं केलं. नळी २८ ते ३२ फ्रेंच मापाची. चौदा फ्रेंचची बारीक पिगटेल नळी पातळ रक्तासाठी तितकीच चालते असं अलीकडच्या चाचण्या सांगतात, आणि ती घालताना रुग्ण कमी ओरडतो. नळी घातल्याबरोबर दीड लिटर आलं, किंवा पुढे तासाला दोनशे मिलिलिटर असं दोन ते चार तास येत राहिलं, तर छाती उघडावी लागेल असं धरून लगेच हलवायचं. नळी घालतानाच कोमट सलाईनने छाती धुऊन घेतली तर मागे गोळे कमी उरतात, असंही आता दिसतं आहे. एक लिटर सलाईन आणि एक पातेलं गरम पाणी कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात असतं.

नळीचं दुसरं टोक पाण्याखाली बुडवून ठेवायचं, म्हणजे हवा बाहेर येते पण परत आत जात नाही, ही युक्ती हॅम्बुर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाव यांनी १८९१ मध्ये लिहून मांडली, छातीतल्या पुवासाठी. आज बाटलीच्या जागी प्लास्टिकची पिशवी आली, तत्त्व तेच. रुग्णाने श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. ज्याला वाचता येत नाही अशा रुग्णाचा नातेवाईकही रात्रभर बसून हे बघू शकतो.

आणि इथेच माझी चूक सांगायची आहे. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका तरुणाला मी नळी घातली होती. पहिल्या दिवशी नऊशे मिलिलिटर, दुसऱ्या दिवशी दीडशे, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. बाटली थांबली, मी खूश झालो, नळी काढली, सुट्टी दिली. पाणी हलत होतं का, हे मी पाहिलंच नव्हतं. ते हलत नव्हतं. नळी गोळ्याने बुजली होती, आणि छातीत अर्धा लिटर तरी तसंच होतं. नळी काढण्याआधी फोटो काढायचा असतो हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी वीज नव्हती. तीन आठवड्यांनी तो परत आला, ताप, घाम, छातीत पू. पुढे त्याच्या बरगडीचा तुकडा काढून पू वाहता करावा लागला. बरा झाला, पण त्याची एक बाजू कायमची खांदा पाडून राहिली. नळीतून काही येत नाही याचे अर्थ दोन असतात. आत काही उरलं नाही, किंवा उरलंय ते येऊ शकत नाही. फोटो नसेल तर या दोहोंत फरक करता येत नाही.

लेखकांनी म्हणूनच तिसऱ्या दिवसावर सगळं प्रकरण उभं केलं आहे. नळी घालून ७२ तास झाले, फोटोत अजून पांढरं आहे, की सीटी करा. फोटोवरून रक्त, दबलेलं फुप्फुस आणि न्यूमोनिया यांत फसगत होते, सीटीत होत नाही. सीटीवर साठ्याची खोली सेंटिमीटरमध्ये मोजा, तिचा वर्ग करा, वरखाली लांबीने गुणा. उत्तर अंदाजे मिलिलिटरमध्ये येतं. खोली सहा आणि लांबी पंधरा असेल तर ५४०. पाचशेच्या वर गेलं की वाट बघण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या वीस केंद्रांत मिळून ३२८ रुग्णांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असं रक्त उरलेल्यांपैकी २६.८ टक्के लोकांच्या छातीत पू झाला. ती मोठी, सुसज्ज रुग्णालयं होती. आमच्याकडे आकडा किती असेल याचा अंदाज वाचकांनी आपल्या वॉर्डावरून करावा.

काय करायचं, याची उत्तरंही अनुभवातून आली आहेत, आणि पुष्कळशी युद्धातून. फुप्फुसावरचं सालटं सोलून काढण्याची शस्त्रक्रिया ब्रुकलिनच्या जॉर्ज फाऊलर यांनी १८९३ मध्ये आणि फ्रान्सच्या एडमंड देलॉर्म यांनी १८९४ मध्ये केली. देलॉर्मनी तिला दिलेल्या ‘डिकॉर्टिकेशन’ या नावाचा अर्थच साल काढणं. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राच्या आघाडीवर थॉमस बर्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जखमी सैनिकांवर लवकर, काही आठवड्यांच्या आत केली, आणि १९४५ मध्ये लिहिलं. त्यांना जे उमगलं ते ऐनाची साल काढणाऱ्या कोणालाही सांगता येईल. ओलेपणी ती हाताने सुटते, वाळल्यावर लाकडासकट येते. आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया, ज्याला वॉर्डात सगळे व्हॅट्स म्हणतात, तीही याच घाईवर चालते. दोन-तीन छिद्रं, एकातून कॅमेरा, गोळे ओढून घ्यायचे, धुऊन काढायचं, नळी ठेवून बाहेर यायचं. १९९७ मध्ये डॅलसच्या मेयर आणि सहकाऱ्यांनी ३९ रुग्णांत दुसरी नळी की दुर्बीण अशी तुलना केली. दुर्बीणवाल्यांच्या नळ्या लवकर निघाल्या आणि सुट्टीही लवकर झाली, दुसऱ्या नळीवाल्यांतल्या बऱ्याच जणांना शेवटी ऑपरेशन लागलंच. त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचना चार दिवसांच्या आत करा म्हणतात. आठवडा उलटला की दुर्बिणीचं काम अवघड होत जातं आणि छाती उघडायची वेळ येते. म्हणजे दुसरी नळी हे उत्तर नव्हे. आपल्याकडे मात्र ती सर्रास घातली जाते, कारण ती हाताशी असते.

माझा मतभेद स्ट्रेप्टोकायनेजवर आहे. विल्यम टिलेट आणि सोल शेरी यांनी १९४९ मध्ये हे औषध छातीत साकळलेल्या रक्तापुवावर वापरलं. हृदयविकारात ते वापरायची वेळ नंतर आली. त्या हृदयविकारामुळेच त्याच्या बाटल्या आपल्याकडे खूप ठिकाणी फ्रिजमध्ये असतात. अडीच लाख युनिट सलाईनमध्ये मिसळून नळीतून आत सोडायचं, दोन-चार तास नळी बंद ठेवायची, मग उघडायची, असं रोज, तीन दिवस. पुस्तिकेत याला अर्ध्या पानात उरकलं आहे. दुर्बीण श्रेष्ठ, म्हणून औषधाला दुय्यम जागा. कागदावर हे बरोबर आहे, अलीकडच्या सूचनाही तेच म्हणतात. पण ज्या तुलनेवर हे उभं आहे तिच्यात दुर्बीण शेजारच्या मजल्यावर असते. भामरागडपासून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर, गडचिरोलीहून नागपूर आणखी १७०. जुलै-ऑगस्टमध्ये पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागड बेटच होतं. अशा जागी ताजा रक्तस्राव थांबलेला असेल, दुसऱ्या कुठल्या जखमेतून रक्त सुरू होण्याची भीती नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी औषध सुरू करून वाट मोकळी होण्याची वाट बघणं हा निव्वळ नाइलाज नाही, ते उपचार आहेत. मात्र ताप येऊ शकतो, अंगावर पित्त उठू शकतं, आणि कधी रक्त पुन्हा सुरू होतं. घरातल्या कोणाला तरी बाजूला बसवून हे समजावून सांगूनच करावं. लेखकांचं म्हणणं, असं लिहिलं तर लोक औषधावर दिवस घालवतील आणि रुग्ण दोन आठवड्यांनी नागपूरला पोचेल. त्यांची भीतीही खोटी नाही.

अंतराविषयी दोन शब्द. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून निघालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, आणि त्याचा तीन-चतुर्थांश भाग जंगल. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरमध्ये हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून. या दोन ठिकाणी माणसं खाटेच्या कावडीवरून येत राहिली, कारण मध्ये दुसरं काही नव्हतं. आता आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, मग गडचिरोलीलाही. १०८ ची गाडी २०१४ पासून येते. मोफत उपचारांची जीवनदायी योजना, जिला पुढे महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, ती २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत गडचिरोली होता. जखमी जवानाला हेलिकॉप्टर नागपूरला नेतं, आणि कधी पुरात अडकलेल्या गरोदर बाईलाही त्याने आणलं आहे. तेंदूपत्ता तोडणाऱ्याला अजून आणलेलं मी पाहिलं नाही. पण रेफर चिठ्ठी लिहिली की काम झालं असं समजणाऱ्यांना मी सांगतो, तेंदूपत्त्याचा हंगाम पंधरा दिवसांचा असतो. वर्षाचा रोख पैसा त्या पंधरा दिवसांत येतो. ‘नागपूरला जा’ ऐकून माणूस मान हलवतो आणि घरी जातो. त्याला थांबवायचं तर योजना, गाडी, सोबत कोण, तिथे जेवणाचं काय, एवढं सगळं चिठ्ठीबरोबर बोलावं लागतं. मी बाविसाव्या दिवशी पाहिलेल्या मामाला नागपूरला न्यायला दोन दिवस त्याच्या मेहुण्याशी बोलावं लागलं होतं. छाती उघडून साल काढली, फुप्फुस फुगलं. पुढच्या मोसमात तो परत रानात गेला, झाडावर मात्र मुलाला चढवलं.

शेवटचा भाग दुखण्याचा, आणि तो कोणी वाचत नाही म्हणून इथे लिहितो. बरगडी मोडलेला माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग रक्त घुसळलं जात नाही आणि फुप्फुस खाली बसतं. छातीला पट्टा किंवा फडकं आवळणं म्हणजे या बिघाडाला हातभार लावणं. पट्टा सोडा, दुखणं मारा. वेळच्या वेळी गोळ्या, इंजेक्शन, जमत असेल तिथे बरगडीच्या नसेला भूल. तीन गोट्यांचं श्वासाचं यंत्र मिळालं तर उत्तम, नाहीतर फुगे. एका वॉर्डात मी म्हाताऱ्या बाईला नातवाच्या बारशाचे उरलेले फुगे फुगवताना पाहिलं आहे. दर फुग्यामागे ती वैद्यांना एक शिवी देत होती. तिची नळी चौथ्या दिवशी निघाली.

पुस्तिकेच्या मागे एक तक्ता आहे. तारीख, वेळ, पाणी हलतं का, किती आलं, रंग कसा. असाच तक्ता एका ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने आखून खाटेला टांगलेला मी काही वर्षांपूर्वी पाहिला होता. तिने त्यात आणखी एक रकाना घातला होता: ‘रात्री झोपला का’. लेखकांना मी ते सांगितलं. छापलेल्या तक्त्यात आता तो शेवटून दुसरा आहे.